उसनी वार

एल आल्तोत पाणी सत्त्याऐंशी अंशांनाच उकळतं.
बटाटा शिजता शिजत नाही,
आणि पोटातलं मूल
कमी हवेवर संसार करायला आधीच शिकतं.

प्रसूतिगृहामागची खोली, एक पत्रा गळका.
माशांच्या टाकीला लावतात तसला पंप,
सदतीस अंशांवर धरून ठेवलेलं पाणी,
आणि भिंतीवर मोठं घड्याळ,
कारण वार बाहेर आली की
हातात वीस मिनिटं असतात, एकविसावं नसतं.

युमी तिकोनाला खरं तर धरणं बांधायची होती.
आता ती वारेतल्या केसाएवढ्या कालव्यांचा
हिशेब ठेवते:
पाणी कुठवर पोचलं,
टोकाचं कोणतं शेत कोरडं राहिलं.

सिप्रियाना वायपाची सासू दारात उभी राहिली
जर्मनचं घमेलं घेऊन.
म्हणाली, वार आमची आहे.
धुऊन, लोकरीत गुंडाळून घरामागे पुरायची आहे.
नाही पुरली तर बाळंतीण सुकते,
पोर भटकं निघतं.
आणि तुम्ही कापलीत, तर कापलेलं कुणाचं?

युमीच्या हातात तीन पानी संमतिपत्र होतं.
तिनं ते पाठीमागे धरलं.
"दोन तास द्या. उसनी.
सुरी लावणार नाही."

शब्द तर देऊन बसली.
सुरीशिवाय करायचं काय
हे खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग तिनं ध्वनी सोडला,
माणसाच्या कानाला न कळणारा.
वारेत लहर उठली,
मऊ जागी रमतगमत गेली,
कडक जागी घाईघाईनं.
पडद्यावर पाच ठिकाणी घाई दिसली.
पाच गाठी, रक्त न पोचलेल्या.
बाळ एक किलो नऊशे.

सासूनं पडदा बराच वेळ पाहिला.
"हे ती आत असताना का नाही विचारलंत?"

युमीनं हा प्रश्न वहीत नाही लिहिला.
खडूनं लिहिला, भिंतीवर, घड्याळाखाली.

मग चार वर्षं.
पहिला पट्टा आईच्या पोटातली गुरगुरच ऐकत बसला.
दुसरा रस्त्यावरच्या मिनीबसचा हॉर्न
बाळाचा ठोका म्हणून मोजायचा.
तिसरा घागऱ्यांच्या थरांखाली बसेचना,
तेव्हा घागरे शिवणारी दोन्या फ्रेदेस्विंदा आली,
तिनं इंजिनिअरांना माप कसं घेतात ते शिकवलं.
सहावा जरा समजूतदार निघाला.

एउलालिया चोकेला एकोणतिसावा आठवडा.
डोकं दुखत नव्हतं, पाय सुजले नव्हते,
बाजारात चीज विकून सरळ इकडे आलेली.
पट्ट्याच्या आलेखात
दोन ठोक्यांमधल्या विसाव्याला
रक्त पुढे सरकायचं थांबत होतं.
तिला तारेच्या पाळण्यातून खाली ला पासला नेलं.
दोघी आहेत. मुलगी डाव्या कानानं कमी ऐकते.

हुआरिनाहून आलेली एक मात्र उशिरा आली.
पट्ट्यानं तिलाही खरंच सांगितलं.
खरं सांगून काही झालं नाही.

मी ज्या भाषेत हे लिहिते आहे
तिच्यात घावाला वार म्हणतात,
सोम-मंगळालाही, आणि हिलाही.
युमीला हे माहीत नाही.
पण तिच्या तक्त्यात तिन्हींसाठी रकाने आहेत:
कुठे बसला, कधी, कुणाच्या.

आणि ती पहिली दुपार राहिलीच सांगायची.
दोन तासांना दहा मिनिटं कमी असताना
युमीनं नळ्या काढल्या.
कोमट पाण्यात वार स्वतः धुतली,
नखाखालचं रक्तसुद्धा त्याच पाण्यात सोडलं,
घमेल्यात ठेवली.
वाटीभर साखर परत करताना
वर चिमूटभर जास्त घालतात,
तशी कोकाची चार पानं ठेवली वर.

सासूनं वार उलटीपालटी करून पाहिली.
कड बोटानं चाचपत आली, पूर्ण फेरी.
कुठेच कापलेलं नव्हतं.
पानं मोजली. घमेलं डोक्यावर घेतलं.

मंगळवार होता.